‘लवकरच येत आहे’ म्हणजे कधी? गेम लांबला की बनवणारे काय सांगतात, आणि आपण ते कसं वाचावं

नोव्हेंबर २०२५ मध्ये एका सकाळी आमच्या घरातला कॉलेजात जाणारा पुतण्या मोबाईल हातात घेऊन ओसरीवर येऊन बसला. चेहरा पडलेला. ‘काका, तारीख परत पुढे गेली.’ आत भाजी चिरत बसलेल्या त्याच्या आजीने काळजीने विचारलं, ‘कसली रे तारीख? कोर्टाची?’

तारीख ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या गेमच्या सहाव्या भागाची होती. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची पहिली झलक आली, तेव्हा २०२५ साल सांगितलं होतं. मे २०२५ मध्ये कंपनीने २६ मे २०२६ ही तारीख दिली. नोव्हेंबरात तीही बदलून १९ नोव्हेंबर २०२६ जाहीर केली. दोन्ही वेळा कंपनीने माफी मागितली आणि गेम नीट पूर्ण करायला आणखी वेळ हवा, एवढं कारण दिलं.

आजीला हे काही पटलं नाही. ‘खेळाची कसली तारीख आणि कसली माफी!’ पण मुलाचा हिरमोड खरा होता. आपल्या गावातल्या बऱ्याच घरांत आज हेच चालतं. मुलं कशाची तरी वाट पाहत असतात. कशाची, ते आपल्याला कळत नाही. ते का लांबलं, हेही कळत नाही. मग ‘ठेव तो मोबाईल’ एवढंच आपण म्हणतो. हा लेख अशा आजी-आजोबांसाठी आणि आई-वडिलांसाठी आहे. मुलांनीही वाचावा, कारण शेवटी पैशांचा आणि वागण्याचा प्रश्न आहे, आणि तो त्यांचाही आहे.

आपल्याला हे नवीन नाही

कोरगावच्या माणसाला थांबणं शिकवायला नको. जत्रेच्या रात्री दशावताराला आपण किती वेळा थांबलो आहोत! पालखी फिरून येईपर्यंत उशीर होतो, मंडळीची गाडी आधीच्या गावातून निघायला वेळ लागतो, रंग लावणं राहिलेलं असतं. अशा वेळी दोन प्रकार घडतात. एका गावात कमिटीतला कोणीतरी माईकवर येऊन सांगतो, ‘मंडळी, नट आत्ताच पोचले आहेत, तासाभरात नाटक उभं राहील.’ लोक उठतात, खाज्याच्या दुकानावर एक चक्कर मारतात, चहा घेतात, झोपलेल्या पोराला मांडीवर सरळ करतात आणि थांबतात. दुसऱ्या गावात कोणी काही बोलत नाही. पडदा हलत नाही, माईक मुका. तिथे तासाभरात निम्मी जागा रिकामी होते, आणि जे बसतात ते चिडून बसतात.

उशीर दोन्हीकडे सारखाच. फरक फक्त सांगण्याचा. गेमच्या धंद्यातही सगळं गणित इथेच येऊन थांबतं.

मोठ्या कामांचंही आपण पाहिलेलं आहे. आपल्या पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाची पायाभरणी १३ नोव्हेंबर २०१६ रोजी झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि पहिली विमानं ५ जानेवारी २०२३ रोजी उतरली. मधल्या काळात कितीजणांनी ‘कधी एकदाचं होणार’ म्हणून विचारलं, ते आपल्याला आठवत असेल. तारीख लांबली की माणूस आधी कारण विचारतो, मग खात्री मागतो. मुलं गेमबद्दल तेच करतात.

गेम लांबतो तरी का?

चवथीचा गणपती करणाऱ्या चित्रशाळेचं उदाहरण घेऊ. कारागिराला तारीख हलवता येत नाही. चवथ आली म्हणजे आली, मूर्ती घरी न्यायला लोक दारात उभे. म्हणून तो दुसऱ्या दोन गोष्टी सांभाळतो. मूर्ती किती घ्यायच्या ते ठरवतो, आणि माती वाळायला, रंग चढायला किती दिवस लागतात ते धरून कामाला आधी सुरुवात करतो. वेळ कमी पडला तर नवीन मागणी घेत नाही.

गेम बनवणाऱ्याच्या हातातही याच तीन दोऱ्या असतात. तारीख, कामाचा पसारा आणि कामाचा दर्जा. एक ओढली की दुसरी सैल होते. तारीख घट्ट धरली तर काहीतरी वगळावं लागतं किंवा कच्चं द्यावं लागतं. सगळं द्यायचं आणि चांगलंही द्यायचं ठरवलं तर तारीख सरकते.

अडचण अशी की मातीची मूर्ती किती सुकली ते हात लावून कळतं, गेमचं तसं नसतं. एक दोष दुरुस्त केला की त्यातून दुसरीकडे नवा दोष निघतो. एखादा दरवाजा उघडत नाही म्हणून नीट करावा, तर त्या दुरुस्तीने तिसऱ्या खोलीतला राक्षस भिंतीत अडकून बसतो. ऐंशी टक्के काम झालं म्हणजे ऐंशी टक्के वेळ संपला, असं इथे नसतं. शेवटचा तुकडाच सगळ्यात जास्त दिवस खातो.

त्यात परीक्षा अनेक असतात. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो यांच्या यंत्रांवर गेम आणायचा तर त्या त्या कंपनीकडून तपासून घ्यावा लागतो. नापास झाला तर दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. मोबाईलचा गेम असेल तर शेकडो प्रकारच्या फोनवर चालला पाहिजे. महागड्या फोनवर सुरळीत चालतो आणि आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या हातातल्या साध्या फोनवर तापून बंद पडतो, असं होऊन चालत नाही.

म्हणजे उशीर होणं हा दर वेळी आळस नसतो आणि फसवणूकही नसते. खरा प्रश्न पुढचा आहे. उशीर होणार हे कळल्यावर लोकांना काय सांगायचं, कधी सांगायचं आणि कोणी सांगायचं?

पुण्यातली दोन उदाहरणं

हे सगळं अमेरिका-जपानात चालतं असं वाटत असेल, तर पुण्याकडे पाहू. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम बनवला. राजी ही एक मुलगी. तिच्या लहान भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून गोष्ट पुढे सरकते. आपल्या दशावताराच्या आख्यानाशी नातं सांगणारी ही गोष्ट.

२०१७ मध्ये या चमूने लोकांकडून आगाऊ वर्गणी गोळा करणाऱ्या ‘किकस्टार्टर’वर पैसे उभे करायचा प्रयत्न केला. ठरवलेली रक्कम जमली नाही. तिथे नियम असा की रक्कम पूर्ण झाली नाही तर कोणाकडूनच पैसे कापले जात नाहीत. तेव्हा गेम तिथेच संपला असं वाटण्यासारखी स्थिती होती. पण चमू थांबला नाही. पुढे त्यांना अनरिअल या गेम-तंत्राच्या मालक कंपनीकडून अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला. १५ ऑक्टोबरला तो संगणकावर, प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

गेम छोटा आहे आणि शेवट अचानक होतो, अशी तक्रार तेव्हा बऱ्याच खेळाडूंनी केली. चमूने नंतर, २०२२ मध्ये, सुधारलेली आवृत्ती आणली. त्यात हिंदी आवाजही होते. म्हणजे काही गोष्टी पहिल्या दिवशी जमल्या नाहीत, त्या दोन वर्षांनी आल्या. ज्याच्याकडे गेम होता त्याला तेवढं थांबावं लागलं.

दुसरं उदाहरण ‘इंडस’चं. पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ कंपनीचा हा लढाईचा मोबाईल गेम २०२२ मध्ये जाहीर झाला. जानेवारी २०२३ मध्ये गुगल प्ले स्टोअरवर नावनोंदणी सुरू झाली. प्रत्यक्ष गेम सगळ्यांसाठी खुला झाला तो १६ ऑक्टोबर २०२४ रोजी. नोंदणीपासून पावणेदोन वर्षं. या काळात कंपनीने अगदी तोंड बंद ठेवलं नाही. पात्रं, बंदुका, नकाशा यांचे तुकडे दाखवत राहिली, खेळाडूंना बोलावून चाचण्या घेतल्या, मग ठराविक लोकांना आधी खेळायला दिलं. वाट पाहणाऱ्याला निदान काम चालू आहे एवढं दिसत होतं.

याउलट बंगळूरच्या एका कंपनीचा ‘फौजी’, म्हणजे इंग्रजी अक्षरांत ‘फाऊ-जी’, आठवा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाईलवर बंदी आणली आणि दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, हा गेम जाहीर झाला. गावोगावची पोरं खूश. आधी ऑक्टोबर सांगितला, दसऱ्याला झलक आली तेव्हा नोव्हेंबर सांगितला. नोव्हेंबर संपता संपता फक्त नावनोंदणी सुरू झाली. शेवटी २६ जानेवारी २०२१ रोजी गेम आला. तोवर अपेक्षा इतक्या वर गेल्या होत्या, की पबजीसारखं अनेकांनी एकत्र खेळणं त्यात पहिल्या दिवशी नाही हे कळल्यावर निराशा झाली. बंदीच्या गरम तव्यावर घोषणेची पोळी पटकन भाजली, पण गेम शिजायला त्याचा वेळ लागायचा तो लागलाच.

अर्धं आता, अर्धं नंतर

लहान मुलांच्या घरात ‘माइनक्राफ्ट’ हे नाव माहीत असेल. ठोकळ्यांचं जग, त्यात खणायचं, बांधायचं. ऑक्टोबर २०२० मध्ये या गेमच्या कंपनीने एक मोठं अपडेट जाहीर केलं. नव्या गुहा, नवे डोंगर, नवे प्राणी, जमिनीखालचा एक भयंकर राक्षस आणि उत्खनन करून जुन्या वस्तू शोधायची सोय. २०२१ च्या उन्हाळ्यात सगळं देऊ म्हणाले.

एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं की हे एका खेपेत जमत नाही. काम तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, महासाथीमुळे माणसं घरून काम करत आहेत आणि त्यांच्यावर जास्त ताण टाकून आम्हाला ते पूर्ण करायचं नाही. म्हणून दोन भाग करतो. पहिला भाग ८ जून २०२१ रोजी आला, दुसरा ३० नोव्हेंबर २०२१ रोजी. जमिनीखालचा राक्षस आणखी पुढे ढकलला, तो जून २०२२ मध्ये आला. उत्खनन तर जून २०२३ मध्ये.

म्हणजे एका घोषणेतल्या वस्तू मुलांच्या हाती यायला पावणेतीन वर्षं लागली. तरीही फार मोठा बोभाटा झाला नाही. का? कारण सांगणं वेळेवर होतं. मुदत संपायच्या आधी सांगितलं, मुदत उलटून गेल्यावर नाही. काय कधी येईल आणि काय अजून ठरलेलं नाही, हे वेगळं करून सांगितलं. जे तयार होतं ते अडवून ठेवलं नाही. आणि या सगळ्यासाठी मुलांकडून वेगळे पैसे घेतले नव्हते.

आपल्या दशावतारातही आडदशावतार आधी आणि आख्यान नंतर असतं. गणपती, सरस्वती, संकासुर रंगभूमीवर येऊन जातात तोवर आतले नट तयार होतात. पहिला भाग चांगला झाला की दुसऱ्यासाठी माणसं बसतात.

ज्यांचं सांगणं अंगलट आलं

पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १६ एप्रिल २०२० रोजी येणार होता. तारीख १७ सप्टेंबर झाली, मग १९ नोव्हेंबर, मग १० डिसेंबर. प्रत्येक वेळी पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत एक निवेदन येई, इतकं ठरलेलं की लोक त्या पिवळ्या रंगाचीच थट्टा करू लागले.

सगळ्यात वाईट शेवटची खेप. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीने गेम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. २६ ऑक्टोबरला एका खेळाडूने विचारलं, आता नक्की ना? कंपनीच्या अधिकृत खात्यावरून खात्री मिळाली. दुसऱ्याच दिवशी तारीख पुढे गेली. त्यानंतर गेम आला तो जुन्या यंत्रांवर इतका दोषपूर्ण होता, की १८ डिसेंबरला सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत दिले. पुढच्या जूनपर्यंत तो तिथे परतला नाही. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन चूक कबूल केली आणि दुरुस्त्या कधी कधी येतील त्याचं वेळापत्रक दिलं. ते वेळापत्रकही सरकलं, पण काम झालं. सप्टेंबर २०२३ मधल्या मोठ्या अपडेटनंतर गेमची पत परत आली. गमावलेला विश्वास मिळवायला जवळजवळ तीन वर्षं गेली.

इंग्लंडमधल्या ‘हॅलो गेम्स’ या लहान कंपनीच्या ‘नो मॅन्स स्काय’ची गोष्ट वेगळी. जून २०१६ चा गेम ऑगस्टवर गेला. गेम येण्याआधी त्याबद्दल इतकं बोललं गेलं होतं, की आल्यावर लोकांना त्यात सांगितलेल्या कित्येक गोष्टी सापडल्या नाहीत. लोक प्रचंड संतापले. मग कंपनीने बोलणंच बंद केलं. काही महिने शांतता. नोव्हेंबरात एक मोठं मोफत अपडेट आलं, मग दुसरं, मग तिसरं. आधी बोलायचं नाही, काम करून दाखवायचं आणि तयार झाल्यावरच सांगायचं, असा त्यांनी नियम केला. २०१८ मध्ये मित्रांबरोबर एकत्र खेळण्याची सोय नीट आली. आजही ती माणसं मोफत अपडेट देतात.

ऑस्ट्रेलियातल्या ‘टीम चेरी’चा ‘सिल्कसाँग’ हा तिसरा प्रकार. मूळ गेमची पुरवणी म्हणून ठरलेलं काम वाढत गेलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झालं. नंतर कित्येक महिने अवाक्षर नाही. २०२३ च्या पूर्वार्धात येणार अशी समजूत होती, त्या मे महिन्यात ‘अजून वेळ लागेल’ एवढं सांगितलं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये अचानक तारीख दिली, ती दोन आठवड्यांवरची, ४ सप्टेंबर. गेम ठरल्या दिवशी आला आणि इतक्या लोकांनी एकाच वेळी घेतला की ऑनलाइन दुकानं कोलमडली. गप्प बसूनही त्यांचं निभावलं, कारण मूळ गेम अतिशय चांगला होता आणि नव्यासाठी आगाऊ पैसे मागितले नव्हते. सगळ्यांनाच हे परवडत नाही.

उलट टोकाला प्रागमधल्या ‘फॅक्टोरिओ’ या गेमची माणसं. २०१३ पासून कित्येक वर्षं त्यांनी दर शुक्रवारी काय झालं, काय अडलं, काय रद्द केलं याचा वृत्तांत लिहिला. तारीख चुकली तरी वाचकाला आधीच अंदाज असायचा. गंमत म्हणजे सायबरपंकच्या सप्टेंबरच्या तारखेशी गाठ पडू नये म्हणून त्यांनी आपला गेम अलीकडे ओढून १४ ऑगस्ट २०२० ला आणला, आणि सायबरपंक नेहमीप्रमाणे पुढे गेला.

चांगलं निवेदन कसं ओळखावं

इतकी उदाहरणं पाहिल्यावर काही खुणा लक्षात येतात. मुलाने ‘लांबला’ म्हणून मोबाईल पुढे केला, तर ते निवेदन पुढील गोष्टींसाठी वाचावं.

पहिली, ते कधी आलं? मुदतीच्या बरंच आधी आलं असेल तर माणसं कामावर लक्ष ठेवून आहेत. आदल्या रात्री आलं असेल तर आतल्या गोंधळाची खूण.

दुसरी, मूळ बातमी कुठे आहे? तारीख पुढे गेली हे पहिल्या दोन ओळींत असावं. सहा परिच्छेद कौतुक आणि आभार, आणि शेवटी हळूच तारीख, हे लपवणं झालं.

तिसरी, कारण पटणारं आहे का? ‘तुम्हाला सर्वोत्तम अनुभव देण्यासाठी’ हे कारण नव्हे. ‘नऊ वेगवेगळ्या यंत्रांवर तपासणी चालू आहे’ हे कारण आहे, ते आवडो न आवडो.

चौथी, नवी तारीख कशी आहे? पक्का दिवस, ‘पुढच्या वर्षी’ किंवा ‘तयार होईल तेव्हा’ यांतलं काहीही चालेल, पण ते किती खात्रीचं आहे हे कळलं पाहिजे. खात्री नसताना दिलेला पक्का दिवस सगळ्यात घातक, कारण तो दुसऱ्यांदा मोडतो.

पाचवी, पैशांचं काय? आधी पैसे भरलेल्यांनी काय करायचं, ते स्पष्ट असावं. ज्या निवेदनात याबद्दल अक्षर नाही, ते अर्धवट समजावं.

पैसे आणि आपण

आता घरातल्या हिशेबाकडे येऊ. मुलं ‘नोंदणी केली’ म्हणतात त्यात दोन प्रकार आहेत. मोबाईलच्या दुकानात गेमची आगाऊ नावनोंदणी फुकट असते. गेम आला की कळवतात, एवढंच. त्याची काळजी नको. दुसरा प्रकार आगाऊ खरेदीचा. त्यात पैसे जातात.

संगणकावरचे गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या मोठ्या दुकानाचे नियम माहीत असावेत. आगाऊ घेतलेला गेम येण्याआधी कधीही परत करता येतो. आलेला गेम घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणजे अर्धवट गेम आधीच विकत देण्याची पद्धत आहे. तिथे दुकान स्वतःच सांगतं, की आज जे आहे ते पाहून घ्या, पुढे काय येईल या आश्वासनावर घेऊ नका. हे वाक्य मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर लावण्यासारखं आहे.

आणखी एक प्रकार ‘सीझन पास’चा. पुढे येणाऱ्या तीन-चार पुरवण्यांचे पैसे एकदम भरायचे. पुरवण्या लांबल्या तर? नोव्हेंबर २०२४ पासून स्टीमने नियम कडक केला. पासमध्ये काय काय आहे आणि ते साधारण कधी येईल, हे विक्रीच्या वेळीच लिहावं लागतं. तारीख एकदाच आणि तीन महिन्यांपर्यंतच पुढे नेता येते. एखादी पुरवणी रद्द झाली तर तिचे पैसे परत करायची तयारी ठेवावी लागते. ‘लवकरच येत आहे’ या शब्दांना कोणीतरी मोजमाप लावलं.

घरासाठी साधा नियम पुरेसा आहे. जे आज खेळता येतं त्याचेच पैसे द्यावेत. सणाला मिळालेली ओवाळणी असो वा सुट्टीत काम करून मिळवलेले पैसे, आश्वासनावर खर्च करू नयेत.

रागाची बाजू

एक गोष्ट मुलांशी बसून बोलायला हवी. ‘नो मॅन्स स्काय’ची तारीख पुढे गेली तेव्हा तो बनवणाऱ्याला आणि ती बातमी देणाऱ्या पत्रकारालाही जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सायबरपंकच्या शेवटच्या विलंबानंतर तिथल्या कामगारांनाही आल्या. एका खेळासाठी. धमकी ज्याच्या मोबाईलवर जाते तो बहुतेक वेळा तारीख ठरवणारा नसतोच. तो महिनोन्‌महिने रात्री जागून दोष काढणारा, आपल्या पोरांएवढ्याच वयाचा कामगार असतो.

आपली काही मुलं उद्या पुण्याला, बंगळूरला जाऊन याच धंद्यात काम करतील. तेव्हा त्या खुर्चीत आपलंच पोर बसलेलं असेल. तक्रार जरूर करावी, पैसे परत मागावेत, चुकीचं वागणाऱ्याला चुकीचं म्हणावं. दशावतारी नट उशिरा आला म्हणून आपण कधी रंगपटात घुसून त्याला मारलं नाही.

आणि आपलं स्वतःचं

हे सगळं लिहिताना एक जुनी आठवण पाठ सोडत नव्हती. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका मंडळाच्या नाटकाच्या कमिटीत होतो. मुख्य भूमिका करणारा आजारी पडला आणि प्रयोग पुढे ढकलावा लागला. आम्हाला आदल्या सकाळीच कळलं होतं. पण ‘बघू, संध्याकाळपर्यंत बरा होईल’ म्हणून कोणीच बाहेर बोललं नाही. फलकावर तारीख तशीच राहिली. संध्याकाळी लांबच्या वाड्यावरच्या बाया लहान पोरांना घेऊन, बॅटरी हातात धरून, चालत आल्या. रिकामा मंडप पाहून परत गेल्या. आम्ही काळोखात मागे उभे होतो, पुढे जाऊन सांगायचं धाडसही झालं नाही. प्रयोग दोन आठवड्यांनी झाला आणि चांगला झाला. त्या वाड्यावरून फार थोडी माणसं आली.

नाटक लांबलं म्हणून ती रागावली नव्हती. आम्हाला ठाऊक असून आम्ही सांगितलं नाही, हे त्यांना लागलं होतं. मोठ्या कंपन्यांनी कोट्यवधी खर्चून जे शिकलं, ते आम्हाला त्या रात्री फुकट शिकता आलं असतं.

म्हणून आपल्या मंडळांच्या कामासाठी एवढंच सुचवावंसं वाटतं. कार्यक्रम पुढे जाणार असं वाटू लागलं की त्याच दिवशी कळवावं, नक्की होईपर्यंत थांबू नये. फलक आधी बदलावा, मोबाईलवरचा निरोप नंतर, कारण वाड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांकडे मोबाईल नसतो. कारण खरं सांगावं. नवी तारीख ठरली नसेल तर ‘ठरली नाही’ असंच लिहावं. वर्गणी घेतली असेल तर तिचं काय होणार ते त्याच कागदावर असावं. आणि हे सांगायला कमिटीतल्या सगळ्यात लहान पोराला पुढे करू नये, अध्यक्षांनी स्वतः जावं.

पुतण्याला मी त्या दिवशी विचारलं, ‘मग आता काय करणार?’ तो म्हणाला, ‘काय करणार, थांबणार. निदान सांगितलं तरी.’ आतून त्याची आजी म्हणाली, ‘मग तोवर नारळ सोलून दे.’ तो उठला.